कळपातले करडू आणि रानातली शिकार

शास्त्रपाठ : उत्पत्ति २७:१-२९, लेवीय १७:१३-१४, स्तोत्र ५०:९-१२

गेल्या थंडीत आमच्या शास्त्राभ्यास वर्गात एक छायाचित्र हातोहात फिरले. बेळगावच्या आमच्या मंडळीत हा वर्ग रविवारच्या उपासनेनंतर भरतो. दहा-बारा माणसे असतात, त्यांत निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची. छायाचित्र मोबाइलवर आलेले होते व ते घेऊन आल्या होत्या आमच्यातल्याच एक विधवा भगिनी, ज्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरी नोकरीला आहे. चित्रात तो गुडघे टेकून बसला आहे, हाताशी दुर्बीण बसवलेली बंदूक आहे आणि पुढ्यात एक काळवीट आहे. काळवीट मेलेले आहे, परंतु त्याचे डोके असे उचलून धरले आहे की शिंगांचे पीळ मोजता यावेत. खाली मुलाने लिहिले होते की प्रभूच्या कृपेने पहिल्याच खेपेस शिकार मिळाली. डोके पेंढा भरून तयार झाले की नाताळला घरी आणीन, बाबांच्या फोटोशेजारी लावू.

मावशींनी विचारले, "हे पाप आहे का हो? असेल तर त्याला तसे लिहिते. नसेल तर भिंतीला खिळा मारून घेते."

वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक तरुण म्हणाला की काळवीट मारल्याबद्दल आपल्याकडे तुरुंग आहे. १९९८ सालच्या प्रकरणात जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ साली एका नावाजलेल्या नटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती, हे त्याला ठाऊक होते. त्यावर एक निवृत्त गुरुजी म्हणाले की तो आपल्या देशाचा कायदा झाला, टेक्सासात तसा कायदा नाही. आणि एसाव तर पट्टीचा शिकारी होता, इसहाकाची प्रीती त्याच्यावर त्या शिकारीमुळेच होती, मग पाप कोठे आले? दोघांचेही म्हणणे आम्हांला वाटले तितके सोपे नव्हते. आम्ही मावशींकडे मुदत मागून घेतली. ह्या विषयाला तीन रविवार लागले, आणि त्या तीन रविवारी जे निघाले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला रविवार नुसती माहिती गोळा करण्यात गेला. ज्या गोष्टीचा न्याय करावयाचा ती आधी समजून घ्यावी, एवढी शिस्त आम्ही वर्गात पाळतो.

काळवीट हा आपल्या माळांचा प्राणी. भारतीय उपखंड सोडला तर मुळात तो जगात इतरत्र कोठेही नव्हता. दाट जंगल त्याला मानवत नाही. उघडे गवताळ रान, लांबवर पाहणारी नजर आणि वाऱ्यासारखा वेग हेच त्याचे सारे संरक्षण. कोल्हापूर व बडोदे संस्थानांत पाळीव चित्ते सोडून त्याची शिकार होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद झाली; तोवर परवाने मिळत. आमच्या भागाला त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे राणीबेन्नूरचे अभयारण्य, ते १९७४ चे. नगर जिल्ह्यातले रेहेकुरी १९८० चे. आमच्या वर्गातले सर्वांत वडील सभासद ऐंशी ओलांडलेले आहेत. तरुणपणी ते मामाबरोबर माळावर जात. दिवसभर पायपीट होई आणि बहुतेक वेळा हात हलवीत परत यावे लागे, असे त्यांनी सांगितले. मिळालेच तर मटण सगळ्या गल्लीत वाटले जाई. एकदा जखमी झालेला नर अंधार पडेपर्यंत शोधला, तो सापडला नाही. "ती रात्र मामा जेवला नाही," असे ते म्हणाले, आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण आता तो माळ रिकामा आहे, आणि रिकामा करणारे आम्हीच." हे बोलणे आम्हांला फार प्रामाणिक वाटले. जुन्या शिकारीचे गोडवे गाण्याचा मोह आम्हांलाही होतो.

आता टेक्सास. १९३२ च्या सुमारास तेथल्या एडवर्ड्स पठारावर काही काळविटे सोडण्यात आली. जमीन कोरडी व खडकाळ, मधूनमधून गवत. दख्खनची आठवण व्हावी अशी. प्राणी रुजला. आपले चितळ आणि आपली नीलगायही तेथे रुजली. गुराढोरांच्या धंद्यात बेभरवशाची वर्षे येऊ लागली तेव्हा रँचमालकांच्या ध्यानात आले की मेंढीपेक्षा शिकाऱ्याकडून मिळणारा पैसा बरा. मग आठ फुटी जाळीची कुंपणे उभी राहिली आणि त्यांच्या आत भारताची, आफ्रिकेची हरणे वाढू लागली. ह्या शतकाच्या सुरुवातीस एकट्या टेक्सासात तीस हजारांहून अधिक काळविटे असल्याचा अंदाज होता.

तेथल्या कायद्यातला एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटला. टेक्सासचे मूळचे रानहरीण, पांढऱ्या शेपटीचे, हे कुंपणाच्या आत असले तरी राज्याच्या लोकांचे मानले जाते. त्याच्या शिकारीला ठराविक हंगाम आहे, संख्येवर बंधन आहे. परंतु परदेशातून आलेले काळवीट हे जमीनमालकाची खाजगी मिळकत. त्याला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. शिकाऱ्याजवळ साधा परवाना आणि मालकाची अनुमती असली की वर्षातला कोणताही दिवस चालतो. म्हणजे कायद्याच्या वहीत काळविटाची नोंद बैल-मेंढ्यांच्या रांगेत आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

व्यवहार असा असतो. राहणे, जेवण व वाटाड्या यांचे रोजचे दर निराळे, आणि मारलेल्या जनावराची किंमत निराळी. तिचे दरपत्रक असते. काळविटाच्या नराला काही हजार डॉलर्स पडतात. दुर्मिळ आफ्रिकी जातींना त्याहून कितीतरी अधिक. डोके पेंढा भरून देणाऱ्याचे बिल वेगळे. कित्येक ठिकाणी मक्याचे दाणे टाकणारी यंत्रे बसवलेली असतात. घड्याळ लावून ठेवलेल्या वेळी यंत्र फिरते, दाणे उडतात, आणि जनावरांना त्या वेळेची सवय होते. जवळच मचाण असते. जनावर नाही मिळाले तर त्याची किंमत घेणार नाही, अशी हमी बरेच मालक देतात. दुसरा एक नियम जवळजवळ सर्वत्र आढळतो : जनावर जखमी होऊन निसटले तरी पूर्ण किंमत द्यावी लागते. रक्त दिसले की पैसे लागू.

हा नियम वाचून दाखवला तेव्हा गुरुजी म्हणाले, "लेवीय काढा."

दुसऱ्या रविवारी आम्ही तेथूनच आरंभ केला. शिकार हे कृत्य पवित्र शास्त्राने निषिद्ध मानलेले नाही, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जलप्रलयानंतर देवाने नोहाला सर्व जिवंत प्राणी अन्न म्हणून दिले. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात खाण्यास योग्य अशा पशूंत हरणांच्या जाती आहेत. शलमोनाच्या भोजनखर्चात हरणे येतात, आणि शिकार करूनही ती भाजून खाण्याचा आळस करणाऱ्याला नीतिसूत्रे नावे ठेवतात. तेव्हा मांसाहार करणाऱ्या आम्हां लोकांनी केवळ जीव घेतला एवढ्यावरून मावशींच्या मुलाकडे बोट दाखवणे ढोंगीपणाचे झाले असते.

परंतु लेवीयाच्या सतराव्या अध्यायात एक नियम खास शिकाऱ्यासाठी दिला आहे. इस्राएल लोकांपैकी किंवा त्यांच्यात राहणाऱ्या परदेशीयांपैकी कोणी खाण्याजोगा पशू किंवा पक्षी शिकार करून धरला तर त्याने त्याचे रक्त जमिनीवर ओतावे आणि ते मातीने झाकावे. कारण जीव रक्तात आहे, आणि जीव देवाचा आहे. कळपातल्या जनावराचा वध वेदीजवळ, याजकाच्या डोळ्यांसमोर होई. शिकारी मात्र रानात एकटा असतो. त्याला तेथे पाहणारे कोणी नाही, म्हणून हा नियम. ओंजळभर माती टाकण्यास त्याला खाली वाकावे लागते, आणि वाकताना कबूल करावे लागते की ह्या जिवाचा मालक मी नव्हे. मला मांस मिळाले, जीव मिळाला नाही.

आता हे त्या दरपत्रकाशेजारी ठेवून पाहा. नियमशास्त्रात रक्त दिसले की माणसाचा हात थांबतो. तिकडे रक्त दिसले की सौदा पक्का होतो. ज्या क्षणी देवाचा हक्क मान्य करावयाचा नेमक्या त्याच क्षणी माणसाचा हक्क सुरू होतो, कारण त्याने पैसे मोजले आहेत. शिवाय मांस हा त्या व्यवहाराचा मुख्य भाग नाही. मावशींच्या मुलाने फोनवर सांगितले की मांस तेथल्या मंडळीच्या अन्नवाटपात दिले. ते त्याने चांगलेच केले. परंतु त्याने पैसे मोजले ते डोक्यासाठी. काळविटाची मादी मांसाला नरासारखीच, पण तिला शिंगे नसतात आणि दरपत्रकात तिची किंमत नराच्या मानाने थोडी असते.

येथे वर्गातल्या एका शिक्षिकेने हरकत घेतली, व ती आम्ही येथे नोंदवणे न्याय्य आहे. त्या म्हणाल्या की आपण कोंबडी खातो ती कोठून येते? बेळगावच्या कोणत्याही रस्त्यावर पिंजऱ्यात कोंबलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांची गाडी दिसते. टेक्सासचे ते काळवीट निदान काही वर्षे मोकळ्या आभाळाखाली फिरले, माद्यांशी रमले, आणि एका गोळीने मेले. त्या कोंबडीला सहा आठवडे मिळतात. दोहोंपैकी कोणाची बाजू प्रभूपुढे मांडणे सोपे जाईल?

ह्या प्रश्नाने आम्हांला टोचले, आणि त्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. चिमण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या पित्याने कोंबड्यांचा हिशेब सोडला असेल असे मानण्यास शास्त्राधार नाही. तो निराळा धडा आहे आणि तो केव्हातरी घ्यावाच लागेल. एवढेच म्हणतो की खाटीक जे करतो ते उघड करतो. तो मटण विकतो. बोकडाला मारण्यात आपण पराक्रम केला असे तो म्हणत नाही, आणि मटण नेणारा बोकडाचे मुंडके दिवाणखान्यात लावीत नाही. मारण्यात कमी-अधिक दुःख कोणाला, हा एक प्रश्न. मारून आपण आपल्याविषयी काय सांगतो, हा दुसरा. मावशींच्या हातातले छायाचित्र हा दुसऱ्या प्रश्नाचा विषय होता.

म्हणून तिसऱ्या रविवारी आम्ही इसहाकाच्या तंबूत गेलो.

ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ऐकताना आपले लक्ष नेहमी आशीर्वादाकडे असते, ताटाकडे नसते. ताटाकडे पाहा. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या इसहाकाने थोरल्या मुलाला सांगितले की शस्त्रे घे, रानात जा, शिकार आण आणि मला आवडते तसे रुचकर जेवण करून दे. एसाव गेला. इकडे रिबकेने याकोबाला कळपाकडे पाठवले व दोन चांगली करडे आणवली. ती शिजवली, मसाला असा घातला की म्हाताऱ्याला फरक कळू नये, करडांची कातडी मुलाच्या हातांना व मानेला गुंडाळली, आणि घरच्या कुंपणातले ते करडू रानातली शिकार म्हणून वाढण्यात आले.

इसहाक आंधळा होता, पण वेडा नव्हता. शिकार करणाऱ्या मुलाचा बाप होता तो. रानात जनावर शोधण्यास किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक असावे. म्हणून त्याची पहिली शंका आवाजाविषयी नाही, केसाळ हातांविषयी नाही. ती वेळेविषयी आहे. इतक्या लवकर ती कशी काय सापडली, असे तो मुलाला विचारतो. आणि याकोब काय उत्तर देतो? तुझ्या देवानेच ती माझ्यापुढे आणली, असे तो सांगतो. त्या दिवशी याकोब जे जे खोटे बोलला त्यांत हे सर्वांत वाईट, कारण येथे त्याने आपल्या लबाडीत देवाचे नाव घातले.

वर्गात कोणीतरी हळूच मोबाइल मागून घेतला आणि मुलाची ओळ पुन्हा वाचली : प्रभूच्या कृपेने पहिल्याच खेपेस.

मावशींच्या डोळ्यांत पाणी आले हे सांगणे भाग आहे. आम्ही लगेच म्हटले की तुमचा मुलगा याकोबासारखा लबाड नाही. त्याला जवळच्या माणसांनी सुटीच्या दिवशी सोबत नेले, त्याने भोळेपणी आभार मानले. त्याची कृतज्ञता खरी आहे. परंतु करडू कोणाच्या कळपातले होते, दाणे टाकणारे यंत्र कोणी लावले होते, कुंपण कोणी घातले होते? रिबकेचे सारे काम तेथे मालक पैसे घेऊन करून ठेवतो. कायदासुद्धा त्या काळविटाला कळपातले जनावर म्हणतो. ते रानातले असल्याचा देखावा तेवढा दरपत्रकात मोडतो. आणि ह्या गोष्टीतला आंधळा इसहाक म्हणजे भिंतीकडे पाहणारे आपण सर्व. छायाचित्रात कुंपण दिसत नाही. भिंतीवरही ते दिसणार नाही.

तरुणाने विचारले की मग कुंपण हेच पाप का? तसे नाही. आफ्रिकेतली कित्येक मोठी राष्ट्रीय उद्यानेही कुंपणातच आहेत. टेक्सासात काही रँच इतक्या विस्तीर्ण आहेत की तेथे जन्मलेल्या जनावराला कुंपण कधी दिसतही नसेल, आणि शिकारी दोन दिवस भटकून रिकाम्या हातांनी परत येऊ शकतो. तसेच शंभर एकरांचे आवारही असते, जेथे जनावराला निसटण्यास जागाच नाही. ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर स्वतः शिकारीच ओळखतात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेली बून अँड क्रॉकेट क्लब ही अमेरिकेतील शिकाऱ्यांची जुनी संस्था आहे. निसटता येणार नाही अशा कुंपणात मारलेल्या जनावराची नोंद ती आपल्या विक्रमांत घेत नाही. मोंटाना राज्यातील मतदारांनी २००० साली मतदान घेऊन असली पैसे घेऊन होणारी कुंपणातली शिकार बंद केली, आणि त्या प्रचारात शिकारी मंडळी पुढे होती.

ही वाट कोठपर्यंत जाते हे पाहावयाचे असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. तेथे १९९१ च्या कायद्याने असे ठरले की पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरचे रानजनावर मालकाच्या मालकीचे, ते निसटले तरी मालकी जात नाही. ह्याचे चांगले परिणाम झाले, ते पुढे सांगतो. वाईट परिणाम सिंहांच्या वाट्याला आला. पिंजऱ्यांत सिंहांची पैदास होऊ लागली. पिल्ले आईपासून तोडून पर्यटकांना कुरवाळण्यास देतात, थोडी वाढली की पर्यटक त्यांच्याबरोबर फेरफटका मारतात, पूर्ण वाढ झाली की शिकाऱ्यासाठी आवारात सोडतात, आणि शेवटी हाडे पूर्वेकडच्या देशांत औषधासाठी जातात. एकाच जनावराची चार वेळा विक्री. हा प्रकार १९९७ साली ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर उघडकीस आला. २००७ साली सरकारने नियम केला की पिंजऱ्यातला सिंह दोन वर्षे मोकळा राहिल्यावाचून त्याची शिकार करू नये. पैदास करणारे न्यायालयात गेले व २०१० साली तो नियम रद्द झाला. मग नॉर्थ वेस्ट प्रांतात राहिली मुदत ९६ तासांची. चार दिवस! माणसाच्या हातून दाणापाणी खाऊन वाढलेला सिंह चार दिवसांत रानातला होतो, असे ते शास्त्र. आता त्या देशात पिंजऱ्यातले सिंह आठ हजारांच्या आसपास आणि मोकळे सुमारे तीन हजार. सरकारने नेमलेल्या समितीने २०२१ साली हा धंदा बंद करण्याची शिफारस केली, २०२४ साली मंत्रिमंडळाने तसे धोरण मान्य केले. परंतु माणसाला न घाबरणाऱ्या आठ हजार सिंहांना रानात सोडता येत नाही, आणि त्यांना पोसणार कोण हा प्रश्न धोरणाने मिटत नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडल्यावाचून हा धडा पुरा केला तर आम्ही वाचकांची फसवणूक केली असे होईल.

सहाराच्या कडेला वाकड्या तलवारीसारख्या शिंगांचा एक पांढरा ओरिक्स राहत असे. २००० साली तो रानातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्याच वेळी टेक्सासच्या कुंपणांत तो हजारांनी होता, आणि होता तो केवळ शिकारी त्याच्यासाठी पैसे देत म्हणून. २०१२ साली अमेरिकेत त्याच्या शिकारीवर परवान्याची अट आली तेव्हा कित्येक मालकांनी कळप कमी केले. पोसण्याचा खर्च निघेना. २०१४ साली अट उठवावी लागली. २०१६ पासून चाड देशात हा प्राणी पुन्हा मोकळा सोडण्यात येऊ लागला. त्यासाठी अबूधाबीत जमवलेल्या कळपात अमेरिकेतून आलेली जनावरेही होती. २०२३ साली त्याचे नाव रानातून नष्ट झालेल्यांच्या यादीतून निघाले. दक्षिण आफ्रिकेत पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरही उरला नव्हता. आता तेथल्या पांढऱ्या गेंड्यांपैकी निम्म्याहून अधिक खाजगी मालकांच्या जमिनीवर आहेत. आणि खुद्द काळवीट? पाकिस्तानातून तो नाहीसा झाला होता. १९७० च्या सुमारास तेथील लाल सुहांरा उद्यानात पुन्हा आणलेली काळविटे टेक्सासची होती. आपल्याकडचे उदाहरण पाहिजे तर दाजीपूरचे घ्या. कोल्हापूरच्या महाराजांचे ते शिकारीचे राखीव रान. १९५८ साली अभयारण्य झाले. महाराजांच्या बंदुकीसाठी राखले नसते तर १९५८ साली तेथे राखण्याजोगे काय उरले असते, कोण जाणे.

ह्या पुराव्यापुढे आम्ही मान लववतो. कुंपण घालणारा प्रत्येक मालक लोभी, असे म्हणणे खोटी साक्ष होईल. स्तोत्र ५० मध्ये देव सांगतो की रानातला प्रत्येक पशू माझा आणि डोंगरांवरची गुरेही माझीच. त्याने दोन्ही एका दमात सांगितली. तेव्हा कळपातले काळवीटही त्याचेच, आणि ते राखणारा त्याचा कारभारी ठरू शकतो. कारभाऱ्याने कळप वाढवला, म्हातारे नर कमी केले, मांस खाल्ले किंवा विकले, त्यातून गवताळ रान राखले, तर आमची तक्रार नाही. पैसे देऊन हे काम करणाऱ्या माणसाविषयीही नाही, जोवर तो त्याला जे आहे तेच म्हणतो. कळपातले जनावर गरजेपोटी मारणे हे काम आहे. कधी ते आवश्यक असते आणि बहुधा ते खिन्न करणारे असते. आमचे वृद्ध सभासद म्हणाले की मामाने अशा कामानंतर फोटो काढून घेतला नसता.

ओरिक्सच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आम्हांला सुटत नाही. प्राणी वाचला हे खरे, परंतु तो वाचला तो माणसाला त्याचे डोके हवे होते म्हणून. उद्या फॅशन बदलली, दुसऱ्या जातीच्या शिंगांना भाव आला, तर? देवाने निर्मिलेल्या जिवाचे अस्तित्व कोणाच्या तरी दिवाणखान्यातील भिंतीवर अवलंबून ठेवावे लागते, ह्यात आपल्या काळाचा न्याय झालेला आहे. तो टेक्सासच्या मालकाचा एकट्याचा नव्हे. माळ रिकामे करणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे.

मावशींनी आमचे बोलणे ऐकून घेतले. डोके घरी आणण्याविषयी तरुणाने त्यांना बजावले की काळवीट आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, रीतसर परवानगीवाचून ते विमानतळावरून आणण्याचा प्रयत्न मुलाने मुळीच करू नये. हे त्यांना पटले. परंतु त्यांचा मूळ प्रश्न पाप आहे की नाही हा होता, आणि त्याला आम्ही एका शब्दात उत्तर दिले नव्हते. मुलाला काय लिहावे ह्यावर चर्चा लांबली. गुरुजींनी लांब पत्राचा मसुदा सुचवला, त्यात चार शास्त्रवचने होती. शिक्षिकेला ते फार कडक वाटले.

मावशी म्हणाल्या, "मी त्याला इसहाकाचाच प्रश्न विचारते."

त्यांनी तेथेच, चष्मा लावून, सावकाश तेवढेच लिहिले : बाळा, किती वेळ लागला रे सापडायला?

उत्तर पुढच्या रविवारी वर्ग भरण्याआधी आले होते. मुलाने लिहिले होते की नाश्ता करून निघालो आणि दहाच्या आत परत आलो. त्याखाली बराच वेळाने, दुसरा निरोप म्हणून, आणखी एक ओळ होती : आई, तू हे का विचारलेस?